साडेतीन किलोचा डेस्कटॉप

दिवाळीच्या आधीचा एक रविवार आमच्याकडे माळा आवरण्यात जातो. यंदाही गेला. आजीचं घंगाळ, मुलाचा पांगुळगाडा, दिवाळी अंकांचे तीन गठ्ठे आणि त्यांच्या मागे खांद्याला लावायची एक भलीमोठी काळी बॅग. चेन गंजून बसली होती. पण ती उघडायच्या आधीच आत काय आहे ते मला कळलं, कारण बॅग उचलताना खांद्यातून तीच ओळखीची कळ गेली.

"दे ना आता तो भंगारात. चौदा वर्षं पडलाय वर," बायको खालून म्हणाली.

भंगारवाला रद्दी न्यायला दारात आलेलाच होता. त्याने लॅपटॉप काट्यावर ठेवला. तीन किलो सहाशे ग्रॅम. चार्जर वेगळा, तो जवळजवळ अर्धा किलो. "साहेब, हा लॅपटॉपच आहे ना?" त्याने विचारलं. त्याची शंका रास्त होती. झाकण मिटलेला तो ऐवज एखाद्या पोळपाटाच्या दुप्पट जाड दिसत होता.

मी तो परत घेतला. का, ते पुढे येईल. पण त्या काट्यामुळे एक जुना प्रश्न पुन्हा डोक्यात आला. टेबलावरचा आख्खा संगणक पिशवीत घालून न्यायची ही कल्पना मुळात सुचली कुणाला? आणि आमच्यासारख्या माणसांनी, ज्यांना फारसं कुठे जायचंच नव्हतं, त्यांनी ती साठ-बासष्ट हजार रुपये मोजून विकत का घेतली?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर घरातलं आहे.

२००७ साली आमच्याकडे एक डेस्कटॉप होता. तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून २००१ साली जोडून घेतलेला. मॉनिटर सतरा इंची, काचेच्या नळीचा, वजन पंधरा किलोच्या पुढे. बाजूच्या डब्याला घरात सगळे 'सीपीयू' म्हणायचे (खरा सीपीयू म्हणजे आतली काडेपेटीएवढी चिप, पण हे सांगून मी दमलो होतो). सहा वर्षांत आम्ही भाड्याची तीन घरं बदलली. कोथरूड, वारजे, सिंहगड रोड. प्रत्येक वेळी टेम्पोत पुढच्या सीटवर मी आणि माझ्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला तो मॉनिटर. तिसऱ्या वेळी मी जाहीर केलं की आता लॅपटॉप घ्यायचा.

बायको घरून दोन-तीन दुकानदारांचे हिशेब लिहायची, टॅलीवर. तिची अट एकच. उजव्या बाजूला आकड्यांची वेगळी बटणं हवीत, नाहीतर तिचा कामाचा वेग निम्मा होतो. माझी अट अशी की गाणी आणि सिनेमे नीट दिसले-ऐकले पाहिजेत, म्हणजे टीव्ही आणि टेपरेकॉर्डर दोन्ही वाचतील. दोन्ही अटी पुऱ्या करणारा प्रकार बाजारात एकच होता. सतरा इंची पडदा, पूर्ण कीबोर्ड, बरे स्पीकर, डीव्हीडी लिहिणारा ड्राइव्ह, वर छोटा कॅमेरा, आणि कडेच्या खाचेत सरकवून ठेवायचा पत्त्याएवढा रिमोट. दुकानदार त्याला 'मल्टिमीडिया लॅपटॉप, डेस्कटॉप रिप्लेसमेंट' म्हणाला. तेव्हा नवा असेंबल्ड डेस्कटॉप सपाट मॉनिटरसकट अठ्ठावीस हजारांत पडत होता. मी एक्सेलमध्ये तक्ता केला, गुण दिले, बेरीज केली. बेरीज डेस्कटॉपच्या बाजूने आली. मग मी गुण बदलले. (अमेरिकेतला मित्र आणून देतो म्हणत होता, परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला एक लॅपटॉप बिनशुल्क आणता येतो. पण बिघडला तर वॉरंटीचं काय, या प्रश्नावर ते बारगळलं.)

पैसे कमी पडत होते. तासगावहून आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, पेन्शनच्या फरकातले वीस हजार दिले. निवृत्त प्राथमिक शिक्षक. संगणकाशी त्यांचा संबंध नव्हता. देताना एवढंच विचारलं, "हा गावाकडं आणता येईल न्हवं?" त्या काळात गावाकडे आठ-आठ, दहा-दहा तास भारनियमन असायचं. मी म्हटलं, "आणीन की आप्पा. बॅटरीवर चालतो."

आता पहिला प्रश्न.

लॅपटॉपचा इतिहास सांगताना लोक हलकेपणाचा इतिहास सांगतात. माझ्या मते याची सुरुवातीपासून दोन घराणी आहेत. एक घराणं म्हणतं, संगणक अंगावर वागवता आला पाहिजे, त्यासाठी काही सोडावं लागलं तरी चालेल. दुसरं म्हणतं, काहीही सोडायचं नाही, फक्त मूठ लावा. आमचा काळा पोळपाट या दुसऱ्या घराण्यातला.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे १९८१ सालचा ऑसबॉर्न १. वजन अकरा किलोच्या आसपास, आकार शिवणयंत्राच्या पेटीसारखा. झाकण काढलं की तोच कीबोर्ड. समोर दोन फ्लॉपी ड्राइव्ह आणि त्यांच्या मधे पाच इंची पडदा, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा लहान. पडद्यावर एका ओळीत ५२ अक्षरं मावत. किंमत १,७९५ डॉलर, आणि त्यात वर्डस्टार, सुपरकॅल्क वगैरे सॉफ्टवेअर सोबतच. विमानातल्या सीटखाली बसावा असा त्याचा आकार ठेवला होता. मशीनची रचना ली फेल्सेनस्टाइनची, पण नाव आणि धंद्याची कल्पना अ‍ॅडम ऑसबॉर्नची.

हा अ‍ॅडम ऑसबॉर्न आपल्याला वाटतो तितका परका नव्हे. जन्म १९३९ चा, बँकॉकमधला, पण लहानपण तमिळनाडूत तिरुवण्णामलैला गेलेलं. वडील आर्थर ऑसबॉर्न हे रमण महर्षींचे भक्त, आश्रमाच्या 'माउंटन पाथ' या नियतकालिकाचे पहिले संपादक. पोरगा रमणाश्रमाच्या परिसरात वाढला, पुढे इंग्लंड-अमेरिकेत शिकला, रसायन अभियंता झाला, संगणकांवर पुस्तकं लिहून छापू लागला आणि मग थेट संगणकच विकू लागला. कंपनी वाढली तशीच कोसळली. १९८३ च्या सप्टेंबरात दिवाळं. पुढे आजारपणात तो भारतात परत आला आणि २००३ साली कोडाइकनालला वारला. पाच इंची पडद्याचं यंत्र जगाला विकणाऱ्या माणसाच्या वडिलांनी संगणक नव्हे तर मौन शिकवणाऱ्या गुरूच्या पायाशी आयुष्य काढलं, हे मला फार गमतीचं वाटतं. असो.

ऑसबॉर्नची उणीव कॉम्पॅकने भरून काढली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या तिघांनी ह्यूस्टनमधल्या एका खानावळीत ताटाखालच्या कागदावर पहिलं रेखाटन केलं, अशी गोष्ट सांगतात. १९८२ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेला त्यांचा कॉम्पॅक पोर्टेबल साडेबारा किलोंच्या पुढे होता, म्हणजे ऑसबॉर्नहून जड! पण पडदा नऊ इंची, आणि मुख्य म्हणजे आयबीएम पीसीवर जे चालतं ते यावर चालायचं. पहिल्याच वर्षी ५३ हजार मशीन खपली. या प्रकाराला अमेरिकेत 'लगेबल' म्हणत. उचलता येतो असा दावा नव्हता, ओढता येतो एवढाच.

हे सगळे संगणक भिंतीतल्या विजेवर चालत. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण बॅटरी नसणं ही त्यांची चूक नव्हती, तो त्यांचा विचार होता. तुम्ही या टेबलावरून त्या टेबलावर जाल. टेबलापाशी प्लग असतोच. मधल्या रस्त्यात तुम्ही काम करणार नाही. १९८६ चा तोशिबा टी३१०० याचं नमुनेदार उदाहरण. दिसायला अगदी लॅपटॉप. पडदा मिटतो, आत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क. पडदा नारिंगी प्लाझ्माचा, त्या काळच्या मानाने अतिशय स्पष्ट. पण हा प्लाझ्मा वीज इतकी खायचा की बॅटरी ठेवलीच नव्हती. नाव मांडीचं, जागा टेबलावर.

दुसरं घराणं (खरं तर पहिलं, प्रतिष्ठेने) तिकडे वेगळंच करत होतं. १९८२ चा ग्रिड कंपास, बिल मॉग्रिजने रेखाटलेला, शिंपल्यासारखा मिटणारा, आठ हजार डॉलरच्या वर किमतीचा. तो नासाच्या अंतराळयानांतूनही गेला. १९९१ च्या ऑक्टोबरात अ‍ॅपलच्या पॉवरबुकांनी कीबोर्ड मागे सरकवून पुढे मनगट टेकायला जागा केली. आज आपण ती जागा गृहीत धरतो. १९९२ च्या ऑक्टोबरात आयबीएमचा थिंकपॅड ७००सी आला, १०.४ इंची रंगीत पडद्याचा, ४,३५० डॉलरचा. त्या पडद्यापाशी दोन्ही घराणी पहिल्यांदा एकमेकांच्या जवळ आली. कारण रंग आले की मग टेबलावरच्या मॉनिटरचा हेवा वाटायचं कारण कमी होतं.

आणि मग 'मल्टिमीडिया' आला. आज हा शब्द ऐकला की हसू येतं. ज्यात आवाज आणि चित्र नाही असा संगणक कुठे असतो? पण १९९१ साली तो चक्क एक प्रमाणित दर्जा होता. मायक्रोसॉफ्ट आणि मंडळींनी ठरवलं होतं की ३८६एसएक्स प्रोसेसर, २ मेगाबाइट रॅम, ३० मेगाबाइट हार्ड डिस्क, साउंड कार्ड आणि सेकंदाला १५० किलोबाइट वाचणारा सीडी ड्राइव्ह असेल तर खोक्यावर 'मल्टिमीडिया पीसी'ची मुद्रा लावायची. १९९३ साली ही पायरी वाढवून ४८६ आणि दुप्पट वेगाच्या सीडीवर नेली. आपल्याकडे नव्वदीच्या उत्तरार्धात 'मल्टिमीडिया किट' बसवलेला पीसी म्हणजे काय अप्रूप होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. शेजारची मुलं विश्वकोशाच्या सीडीतला सिंह गर्जना करताना बघायला यायची.

सीडी ड्राइव्ह लॅपटॉपच्या अंगात घालणं सोपं नव्हतं. ती तबकडी बारा सेंटिमीटरची. त्याहून लहान करता येत नाही, म्हणजे तेवढी जागा आतून गेलीच. १९९४ चा थिंकपॅड ७५५सीडी हा ते जमवणाऱ्या पहिल्या काहींपैकी. नव्वदीच्या अखेरीस १५ इंची पडद्याचे लॅपटॉप आले, आणि २००३ च्या जानेवारीत अ‍ॅपलने १७ इंची पॉवरबुक दाखवला, ३.१ किलोचा. त्याच वर्षी इतरांचेही सतरा इंची आले. पडदा आडवा रुंद झाला, त्यामुळे खाली कीबोर्डच्या शेजारी जागा उरली, आणि त्या जागेत आकड्यांची बटणं बसली. माझ्या बायकोच्या टॅलीचं बीज इथे आहे.

पण या सगळ्यात जे खरं नाट्य घडलं ते पडद्याचं नव्हे, उष्णतेचं.

२००० च्या नोव्हेंबरात इंटेलचा पेंटियम ४ आला. आकडा वाढवायचा, गिगाहर्ट्झ वाढवायचे, हे त्याचं धोरण. ग्राहकही आकडाच विचारायचा, मीही विचारायचो. चार वर्षांत दीड गिगाहर्ट्झचा ३.८ झाला आणि सोबत उष्णता वाढत गेली. डेस्कटॉपच्या डब्यात मोठा पंखा लावून ते निभतं. पण 'काहीही सोडायचं नाही' या घराण्यातल्या कंपन्यांनी डेस्कटॉपसाठी बनलेले तेच पेंटियम ४ लॅपटॉपमध्ये घातले. सत्तर-ऐंशी वॅट, पुढे तर शंभरीच्या आसपास उष्णता बाहेर टाकणारी चिप, आणि तिच्यावर तीन-चार सेंटिमीटर जाडीचं झाकण. साधा विचार करा, साठ वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बला हात लावला तर काय होतं? त्याहून जास्त उष्णता तांब्याच्या नळ्यांतून आणि दोन-तीन छोट्या पंख्यांतून कडेच्या जाळीपर्यंत आणायची. मांडीवर ठेवायचा प्रश्नच नव्हता. बॅटरी तासाभरात, फार तर दीड तासात संपे. तोशिबाच्या नारिंगी प्लाझ्माची कथा वीस वर्षांनी पुन्हा!

२००४ साली इंटेलनेच हात टेकले. मे महिन्यात पेंटियम ४ च्या पुढचा 'तेजस' नावाचा प्रोसेसर रद्द केला (नाव मात्र समर्पक होतं), ऑक्टोबरात ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला.

आणि मग जे झालं ते मला या इतिहासातलं सगळ्यात आवडतं पान वाटतं. इस्राएलमध्ये हैफाला इंटेलचा एक गट होता. त्यांनी पेंटियम ४ ला हात न लावता जुन्या पेंटियम ३ च्या वंशातून एक चिप बनवली होती, खास लॅपटॉपसाठी. २००३ च्या मार्चमध्ये ती पेंटियम एम म्हणून बाजारात आली. गिगाहर्ट्झचा आकडा कमी, उष्णता पंचवीस वॅटच्या आत, आणि काम मात्र बरंच जास्त आकडा मिरवणाऱ्या पेंटियम ४ च्या तोडीचं. धाकट्या घरातला हा शांत मुलगा. २००६ च्या जुलैत आलेला कोर २ डुओ याच वंशवेलीतला, आणि तो लॅपटॉपमध्ये जसा बसला तसाच डेस्कटॉपमध्येही. म्हणजे आधी डेस्कटॉपची चिप लॅपटॉपमध्ये कोंबायचा खटाटोप चालला होता, तो उलटून लॅपटॉपचा विचार डेस्कटॉपमध्ये शिरला. डेस्कटॉपची जागा घेण्याचा खरा प्रसंग हाच. अ‍ॅपलने २००५ च्या जूनमध्ये इंटेलकडे जायचं जाहीर केलं तेही याच हिशेबाने, एका वॅटमागे काम किती.

आमचा लॅपटॉप २००७ चा, कोर २ डुओवाला. म्हणजे आम्ही नशिबाने योग्य वर्षी घेतला. मला यातलं तेव्हा काही माहीत नव्हतं. मी पडदा पाहिला होता.

त्या दोन-तीन वर्षांत या घराण्याला थोडं वेडही लागलं होतं. २००६ साली डेलने एक्सपीएस एम२०१० काढला, वीस इंची पडदा, सुटा होणारा कीबोर्ड, वर धरायला मूठ आणि वजन आठ किलोंच्या वर. पुढच्या वर्षी एचपीचा एचडीएक्स, तोही वीस इंची, सात किलोंचा. पंचवीस वर्षांनी गाडी पुन्हा ऑसबॉर्नच्या पेटीपाशी! तबकड्यांचं युद्ध वेगळंच. २००६ मध्ये तोशिबाने क्वोस्मिओमध्ये एचडी डीव्हीडी घातली आणि सोनीने वायोमध्ये ब्ल्यू-रे. २००८ च्या फेब्रुवारीत तोशिबाने एचडी डीव्हीडीतून माघार घेतली. घरात दीड-दोन लाखांचं यंत्र आणि त्याच्या पोटात कुठलीच नवी तबकडी न घेणारा ड्राइव्ह, असं झालेली माणसं जगात असणार. २००८ च्याच तिसऱ्या तिमाहीत जगात लॅपटॉपची विक्री पहिल्यांदा डेस्कटॉपच्या पुढे गेली. सगळ्यांनीच आमच्यासारखा तक्ता करून गुण बदलले असावेत.

आता संसाराविषयी.

पहिल्या महिन्यात माझी मान धरली. कारण सोपं आहे आणि कुठल्याच दुकानदाराने सांगितलं नव्हतं. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हात सुखात ठेवले तर मान खाली, मान सरळ ठेवली तर हात छातीशी. शिवाय आकड्यांच्या बटणांमुळे अक्षरांचा कीबोर्ड डावीकडे सरकलेला, त्यामुळे माणूस पडद्याच्या मध्यासमोर न बसता थोडा तिरका बसतो. बायकोला त्रास नव्हता, तिचं सगळं काम उजवीकडेच. मी मग लॅपटॉपखाली दिवाळी अंक रचले, पाच अंकांत पडदा डोळ्यांच्या रेषेत आला. मग कीबोर्ड फार उंच झाला म्हणून वेगळा कीबोर्ड घेतला. मग माऊस. मग स्पीकर, कारण अंकांमुळे खालचे स्पीकर दबले. सहा महिन्यांनी आमच्या टेबलावर एक डेस्कटॉप होता.

बॅटरी सतत चार्जरला लावलेली, सतत पूर्ण भरलेली आणि सतत कोमट. लिथियम-आयन बॅटरीला नेमकं हेच सोसत नाही. दोन वर्षांत ती बारा मिनिटांवर आली. पंख्यात धूळ साठून गोधडीतल्या कापसासारखा थर बसायचा, मग आवाज चढायचा. चकचकीत पडद्यात सिनेमातल्या रात्रीच्या प्रसंगी मला माझाच चेहरा दिसायचा.

आणि गावाकडे तो दोन वर्षांत दोनदाच गेला. एसटीच्या गर्दीत साडेतीन किलो अधिक चार्जर, शिवाय मांडीवर पोर. आप्पांनी कधी विचारलं नाही. "आणला न्हाईस व्हय?" एवढं एकदा म्हणाले, आणि लगेच विषय बदलला.

२००९ च्या पावसाळ्यात ते अंगणात घसरले. खुब्याचं हाड. मिरजेला ऑपरेशन झालं, तीन आठवडे हॉस्पिटलात. पहिल्या आठवड्यात ते भिंतीकडे बघत पडून असायचे. मी पुण्याहून येताना लॅपटॉप घेऊन आलो, बॅगेसकट, आणि जुन्या नाटकांच्या डझनभर व्हीसीडी. खाटेच्या मागे एकच प्लग होता आणि त्यावर तीन खाटांच्या मोबाईलची पाळी. बॅटरी बारा मिनिटांची. शेवटी मीच पंधरा रुपयांचा एक्स्टेंशन बॉर्ड, छे, पंचाहत्तर असेल, आणला. आप्पांच्या जेवणाच्या सरकत्या टेबलावर तो सतरा इंची पडदा असा बसला जसा काही त्याच्यासाठीच टेबल केलं होतं. शेजारच्या दोन खाटा आपोआप वळल्या. दुसऱ्या अंकाला समोरच्या वॉर्डातले एक काका सलाइनची बाटली हातात धरून दारात उभे असायचे. बारा इंची हलक्या लॅपटॉपवर हे झालं नसतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

रात्री मी तो बंद करायला लागलो की आप्पा म्हणायचे, "असू दे. त्याचा आवाज बरा वाटतो."

एका रात्री त्यांना झोप नव्हती आणि ते बहात्तरच्या दुष्काळाविषयी बोलायला लागले. शाळा सुटल्यावर दुष्काळी कामावर हजेरी लिहायला जायचे, ते सगळं. खडी फोडणाऱ्या बायका, कोण कुणाच्या वाटणीची पाटी उचलायचं, पोरांना मिळणारी सुकडी. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मी पडद्यावरचा कॅमेरा चालू केला आणि काही बोललो नाही.

पुढच्या वर्षी आप्पा गेले. ते रेकॉर्डिंग बघायची माझी तयारी नव्हती. त्याच वर्षी लॅपटॉप फार अडखळायला लागला म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मुलाने सगळं फॉरमॅट करून दिलं. "फोटो घेतलेत ना?" त्याने विचारलं, मी हो म्हटलं. फोटो घेतले होते, डीव्हीडीवर. २०११ मध्ये मदरबोर्ड गेला. दुरुस्तीचे चौदा हजार सांगितले. जुन्या डेस्कटॉपमध्ये सहा वर्षांत मी रॅम, हार्ड डिस्क आणि वीज देणारा डबा बदलला होता, प्रत्येक वेळी हजार-दीड हजारांत. इथे एक गेलं की सगळं गेलं. लॅपटॉप माळ्यावर गेला.

२०१४ च्या सुमारास मी त्या डीव्हीड्या शोधल्या. फोटो होते. आप्पांचं रेकॉर्डिंग नव्हतं. ते कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये होतं, आणि तिथे बघायचं मला सुचलंच नव्हतं. म्हणजे फॉरमॅटमध्ये गेलं. बायकोला सांगितलं. ताईला सांगितलं नाही. ती दर पितृपक्षात विचारते, "ते आप्पांचं तेवढं पाठव की रे." मी म्हणतो, शोधतो.

तर भंगारवाल्याच्या काट्यावरून लॅपटॉप परत घेतला तो एवढ्याच कारणाने, की त्यात डिस्क होती. मुलगा आता बारावीत आहे. त्याच्या टेबलावर सोळा इंची गेमिंग लॅपटॉप आहे, अडीच किलोचा, विटेएवढ्या चार्जरचा, स्टँडवर चढवलेला, पुढे वेगळा कीबोर्ड आणि माऊस. तो हलत नाही. मी काही बोललो नाही. त्याने खालचे दोन स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर काढली, चारशे रुपयांच्या यूएसबी डबीत घातली आणि आपल्या लॅपटॉपला लावली. बारीक घरघर झाली.

सी मध्ये काही नव्हतं. डी मध्ये 'ओल्ड' नावाचा एक फोल्डर होता. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या त्या मुलाने फॉरमॅट करण्याआधी सगळंच्या सगळं उचलून तिकडे टाकलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

सदतीस मिनिटं. हॉस्पिटलची हिरवी भिंत, आप्पांचं अर्धं तोंड, आणि सगळ्यावर पंख्याचा आवाज. माइक पडद्यावर, पंखा दोन वितीवर. आप्पांपेक्षा तो जवळ. मधे एकदा पंखा एकदम चढतो. आप्पा थांबतात. "बंद पडतंय का काय रं?" मग माझा आवाज, "न्हाई आप्पा, गरम झालाय. बोला तुम्ही." आणि ते सुकडीवर येतात.

रात्रीच ताईला पाठवलं. सकाळी सहाला तिचा फोन. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आवाज जरा दबलाय रे. तो खोलीतला पंखा बंद करून परत पाठव की."